हे इमान इथं कशाला आलं?

मुंबईच्या विमानतळावर दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. कपातला चहा निवेपर्यंत तिथं तीन-चार विमानांची ये-जा होऊन गेलेली असते. जळगावला दिवसभरात येणारी प्रवासी विमानं बोटांवर मोजावीत, आणि धुळ्याच्या गोंदूरला तर तिकीट काढून बसायचं विमानच नाही. मग विमानं बघण्याचा नाद लागलेल्या माणसानं खानदेशात करायचं तरी काय? माझ्या मते त्याचं इथंच जास्त बरं चालतं. मुंबईत विमान दिसलं की ते कुठलं, एवढंच विचारण्यापुरता वेळ मिळतो, तोवर दुसरं येतं. इथं ‘हे कशाला आलं असेल?’ असा प्रश्न पडतो आणि थोडा विचार केला तर बहुतेक वेळा त्याचं उत्तरही सापडतं.

या नादाला जगभर ‘प्लेन स्पॉटिंग’ म्हणतात. ब्रिटनमध्ये तो दुसऱ्या महायुद्धात रुजला. आकाशातलं विमान आपलं की जर्मनांचं हे नुसत्या आकारावरून ओळखायला तिथले हजारो स्वयंसेवक शिकले आणि युद्ध संपल्यावरही अनेकांची मान वरच राहिली. आपल्याकडे या छंदाचे सख्खे भाऊबंद आधीपासून आहेत. हिवाळ्यात हतनूर धरणावर दुर्बीण घेऊन बसणारे पक्षिमित्र बदक उडताना पंखाचा पट्टा, शेपटीचा आकार आणि आवाज यांवरून त्याची जात सांगतात. भुसावळात तर रेल्वेच्या घरातलं पोर नुसत्या भोंग्यावरून इंजिन ओळखतं. विमानाचंही तेच आहे. पंख वर की खाली, इंजिनं किती आणि कुठं, शेपूट कशी, आवाज कसा, एवढं टिपलं की निम्मं काम झालं.

जळगावला सर्वांत जास्त दिसलेलं प्रवासी विमान म्हणजे एटीआर-७२. ते ओळखणं सोपं आहे. पंख छपराला टेकवल्यासारखे वर, पंखांना दोन इंजिनं, प्रत्येकाला सहा पात्यांचा पंखा आणि शेपटीवर इंग्रजी टी अक्षरासारखा आडवा दांडा. लांबी २७ मीटर, पंखांचा पसाराही २७ मीटर, म्हणजे बरोबर खालून पाहिलं तर ते चौकोनात बसवल्यासारखं दिसतं. प्रवासी मागच्या दारानं चढतात, कारण पुढचं दार सामानाचं असतं. पहिल्यांदा बसणारी मंडळी हमखास पुढच्या बाजूला जाऊन उभी राहतात आणि मग त्यांना मागं वळवावं लागतं.

या विमानाची एक खोड मला फार आवडते. विमान उभं आहे, प्रवासी उतरताहेत, डावा पंखा थांबलेला आहे, उजवा पंखाही थांबलेला आहे, आणि तरी उजव्या बाजूनं शिट्टीसारखा आवाज येतच असतो. मोठ्या विमानांच्या शेपटीत एक छोटं जादा इंजिन असतं. जमिनीवर असताना वीज आणि गार हवा तेच पुरवतं. एटीआरमध्ये वजन वाचवण्यासाठी ते ठेवलेलंच नाही. त्याऐवजी उजव्या पंख्याला ब्रेक लावतात आणि इंजिन चालू ठेवतात. इंजिन फिरतं, पंखा फिरत नाही आणि आत वीज मिळत राहते. वैमानिकांच्या भाषेत याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. एटीआरचं दार आणि पायऱ्या डावीकडे असतात, म्हणून चालू ठेवायचं इंजिन उजवीकडचं.

पण एटीआरच का? मुंबईहून नागपूरला जाणारं मोठं जेट मधे जळगावला का उतरत नाही? पहिलं कारण धावपट्टी. जळगावची धावपट्टी सुमारे १७०० मीटर लांब आहे. पूर्ण भारानिशी उडायला एअरबस ए-३२० ला दोन किलोमीटरच्या वर जागा लागते. एटीआरचं समुद्रसपाटीवर, थंड हवेत, १३०० मीटरच्या आसपास भागतं. आता ‘थंड हवेत’ हे शब्द वाचून जळगावकर हसला असेल, तर तो बरोबर जागी हसला. दुसरं कारण तेच आहे.

हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते, पंख्याच्या पात्याला पकड कमी मिळते आणि इंजिनालाही श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो. म्हणजे तीनही बाजूंनी मार. वैमानिक याचा हिशेब उंचीत करतात. ठरावीक प्रमाण तापमानापेक्षा जितके अंश जास्त, तितक्या दर अंशाला साधारण १२० फूट उंची वाढली असं धरायचं. जळगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवर आहे. त्या उंचीचं प्रमाण तापमान १३ अंश मानलेलं आहे. मे महिन्यातल्या दुपारी पारा ४५ ला टेकला की फरक ३२ अंशांचा होतो. गुणाकार करून मूळ उंची मिळवली की आकडा येतो सुमारे साडेचार हजार फूट, म्हणजे १४०० मीटर. महाबळेश्वरची उंची जवळपास एवढीच आहे. भर मे महिन्यात घामानं निथळत आपण कुसुंब्याच्या रस्त्यावर उभे असतो आणि विमानाला मात्र आपण महाबळेश्वरी आहोत असं वाटत असतं. गारव्याशिवाय सगळं महाबळेश्वर!

म्हणून उन्हाळ्यात एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी असते. तेच विमान, तीच धावपट्टी, पण दुपारी ते जमीन सोडतं त्या जागेची खूण एखाद्या झाडावर धरा आणि डिसेंबरातल्या सकाळच्या जागेशी ताडून पाहा. उन्हाळ्यात ते बरंच पुढं जाऊन उठतं. भार फारच झाला तर सामान किंवा प्रवासी कमी करावे लागतात. उन्हाळ्यात अशा धावपट्ट्यांना सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेळा मानवतात, त्यामागं हाच हिशेब आहे.

विमान कोणत्या बाजूनं येणार, हेही आधी सांगता येतं. धावपट्टीच्या दोन टोकांवर पांढऱ्या रंगात मोठे आकडे लिहिलेले असतात. जळगावला ते ०९ आणि २७ आहेत. त्यांना शेवटी एक शून्य लावा, ९० आणि २७० मिळतात. ते होकायंत्रावरचे अंश आहेत, ९० म्हणजे पूर्व आणि २७० म्हणजे पश्चिम. थोडक्यात, पट्टी पूर्व-पश्चिम आहे. विमान उतरतं आणि उडतं ते वाऱ्याला तोंड देऊन. संक्रांतीला पतंग उडवताना आपण वाऱ्याच्या उलट धावतो, तसंच. तापीच्या खोऱ्यात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून घुसतो, त्यामुळे त्या दिवसांत विमान भुसावळच्या अंगानं येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरणार हे जवळपास ठरलेलं. हिवाळ्यात वारा पडला किंवा फिरला की उलटं होऊ शकतं. शंका असेल तर धावपट्टीजवळची तांबडी-पांढरी कापडी पिशवी कुठं फुगली आहे ते बघावं. उतरणारं विमान साधारण तीन अंशांच्या उतारानं येतं. म्हणजे धावपट्टीच्या टोकापासून एक किलोमीटर अलीकडे ते पंधरा मजली इमारतीएवढ्या उंचीवर असतं. संध्याकाळी त्याचे दिवे बघा. डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा. लाल दिवा आपल्या उजव्या हाताला दिसत असेल तर ते थेट आपल्याकडे येतंय.

विमानतळाच्या इतिहासात फार रमण्यासारखं काही नाही. १९७३ साली सार्वजनिक बांधकाम विभागानं धावपट्टी केली, १९९७ मध्ये ती नगरपालिकेकडे गेली, २००७ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे, आणि २००९ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाशी करार झाला. तेव्हा राष्ट्रपतिपदी जळगावच्याच प्रतिभाताई पाटील होत्या. त्यांच्याच हस्ते २०१० मध्ये पायाभरणी झाली आणि २०१२ च्या मार्चमध्ये नवी इमारत उघडली. इमारत झाली, विमानं मात्र यायची होती.

ती आली २०१७ च्या डिसेंबरात, ‘उडान’ योजनेत. एअर डेक्कनचं बीचक्राफ्ट १९००डी, १८ आसनांचं. पंख खाली, शेपटीला नेहमीपेक्षा जास्त पर. पक्षिमित्रांच्या भाषेत सांगायचं तर दुर्मिळ पाहुणा. ती सेवा टिकली नाही. २०१९ मध्ये ट्रूजेटचं एटीआर आलं, तेही पुढं बंद पडलं. २०२४ मध्ये फ्लाय९१ नं गोवा, हैदराबाद आणि पुण्याला, तर अलायन्स एअरनं मुंबईला सेवा सुरू केली. या दोघांचंही विमान एटीआरच. हे येणं-जाणं पाहून आपल्याकडे लगेच ‘चालत नाही हो इथं’ असा निकाल लागतो. पण योजनेची रचनाच तशी आहे. आसनांपैकी काहींचं भाडं बांधून दिलेलं असतं, तुटीची भरपाई सरकार करतं आणि ती ठरावीक वर्षांपुरतीच मिळते. साधारण तीन वर्षांत मार्गानं स्वतःच्या पायावर उभं राहावं अशी अपेक्षा असते. ज्या कंपनीजवळ मोजकीच विमानं आहेत, तिचं एक बिघडलं तरी सगळं वेळापत्रक कोसळतं. छोट्या विमानतळावर बघणाऱ्याची वही त्यामुळे बाजाराचीही नोंद होऊन बसते.

निवडणुका आल्या की वहीची पानं भराभर भरतात. एरवी महिनोन्महिने न दिसणारी लहान जेट विमानं आणि हेलिकॉप्टरं एका आठवड्यात दिसतात. २०२४ साली पंतप्रधान २५ ऑगस्टला जळगावला ‘लखपती दीदी’ मेळाव्यासाठी आले आणि ८ नोव्हेंबरला धुळ्यात प्रचारसभेला. अशा दौऱ्यात हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरं तीन एकदम दिसली की खालचा बंदोबस्त बघायला जायची गरज उरत नाही, कोण आलंय ते वरूनच कळतं. मोठ्या पाहुण्याच्या आधी एक-दोन दिवस रंगीत तालीम होते. तेव्हा रस्त्यावर गर्दी नसते आणि हेलिकॉप्टर मात्र तेच असतं. नेत्यांच्या खासगी हेलिकॉप्टरांत पहिली खूण पायांची. खाली चाकं आहेत की नुसत्या दोन आडव्या दांड्या? दांड्यांचं हेलिकॉप्टर जमिनीवर सरकू शकत नाही, जागा बदलायची तर त्याला हातभर वर उचलून न्यावं लागतं. मग शेतात केलेल्या हेलिपॅडवर जी धूळ उडते, तिच्यासाठी आधी टँकरनं पाणी मारून ठेवलेलं असतं. कुठं टँकर जमिनीवर पाणी मारताना दिसला आणि सडक होत नसेल, तर सभा जवळ आली समजावं.

डोक्यावरून फार उंचावर जाणाऱ्या विमानांचं खातं वेगळं. मुंबईहून इंदूर, भोपाळ, लखनऊकडे जाणाऱ्यांची सरळ रेघ धुळ्याच्या आसपासून जाते. ती दहा-अकरा किलोमीटर उंच असतात. अंगणात झोपलेल्या प्रत्येक खानदेशी पोरानं एक गोष्ट अनुभवलेली आहे. आवाज येतो तिथं विमान नसतंच, ते बरंच पुढं असतं. अकरा किलोमीटर खाली यायला आवाजाला सुमारे ३५ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी साडेआठशेच्या वेगानं विमान आठ किलोमीटर पुढं सरकलेलं असतं. एखाद्याच्या मागं पांढरी रेघ उमटते. तो धूर नव्हे. इंजिनातून पाण्याची वाफ बाहेर पडते, बाहेर उणे ४० किंवा त्याहून गार असतं आणि वाफेचं क्षणात बर्फकणांत रूपांतर होतं. वरची हवा कोरडी असेल तर रेघ लगेच पुसली जाते. रेघ लांबत, पसरत राहिली तर वर ओलावा आहे असं समजावं.

आता हे सगळं फोनवरही दिसतं. विमानं स्वतःची जागा, उंची आणि वेग १०९० मेगाहर्ट्झच्या लहरींवर सतत सांगत असतात. कुणीतरी घराच्या गच्चीवर छोटा रिसीव्हर बसवून ती माहिती इंटरनेटवर टाकतो आणि त्यातून तो नकाशा तयार होतो. पण या लहरी सरळ रेषेत जातात. ३००० मीटरवरचं विमान सव्वादोनशे किलोमीटरवरून ऐकू येतं, ३०० मीटरवर उतरलेलं जेमतेम सत्तर किलोमीटरवरून, आणि मधे अजिंठ्याचे डोंगर आले तर तेही नाही. म्हणून जवळपास रिसीव्हर नसेल तेव्हा जळगावला उतरणारं विमान ऐन मोक्याच्या क्षणी नकाशावरून गुप्त होतं. तेव्हा फोन खिशात घालून डोळेच वापरावेत.

विमानाच्या अंगावर ‘व्हीटी’नं सुरू होणारी पाच अक्षरं असतात. ती त्याची नंबर प्लेट. ही अक्षरं ‘व्हाइसरॉयचा मुलूख’ या अर्थाची आहेत असं अनेकजण ठामपणे सांगतात आणि संसदेतही यावरून आवाज उठलेला आहे. खरं म्हणजे ती १९२० च्या दशकात रेडिओच्या आंतरराष्ट्रीय वाटपात ब्रिटिश अमलाखालच्या भारताच्या वाट्याला आली, तेवढंच. बदलायची तर अडचण अशी की सोयीची अक्षरं कधीच गेली आहेत, ‘आय’ इटलीकडे आणि ‘बी’ चीनकडे.

फोटो काढणाऱ्यांनी मात्र जपून राहावं. १९३७ च्या विमान नियमांनुसार विमानतळावर परवानगीशिवाय छायाचित्रण करता येत नाही. प्रवाशांना विमानातून फोटो काढायला २००४ मध्ये सवलत मिळाली, तीही संरक्षण दलांच्या तळांवर नाही. वैमानिक आणि नियंत्रक यांचं रेडिओवरचं बोलणं विनापरवाना ऐकणं हाही आपल्याकडे गुन्हा आहे. २०१० साली दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलेल्या दोन ब्रिटिश छांदिष्टांना त्यांच्या उपकरणांपायी काही आठवडे अडकून पडावं लागलं आणि दंड भरून सुटावं लागलं. ग्रीसमध्ये २००१ साली तर काही ब्रिटिशांवर हेरगिरीचाच आरोप ठेवला गेला होता, वरच्या न्यायालयात ते पुढच्या वर्षी निर्दोष ठरले. आपल्या जवळचं ओझर याबाबतीत सर्वांत नाजूक. तिथं हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिगपासून सुखोईपर्यंतची विमानं तिथं बनली आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथल्या तेजस मार्क-१ए नं पहिलं उड्डाण केलं. ओझरला कॅमेरा पिशवीतच ठेवावा. वही-पेन्सिलीला मात्र कुठंच बंदी नाही, आणि खरी मजा तिच्यातच आहे.

माझी स्वतःची आवडती जागा जळगावला नाही, गोंदूरला आहे. धुळ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं. हा क्लब १९२८ चा. जे. आर. डी. टाटा याच क्लबात उडायला शिकले आणि १९२९ मध्ये भारतातला एक क्रमांकाचा वैमानिक परवाना त्यांनी मिळवला. क्लबाचं घर जुहूला, पण मोठ्या विमानतळाला खेटून असलेल्या त्या आकाशात शिकाऊ पोरांना फिरवायला जागा कुठून मिळणार? धुळ्याला आकाश मोकळं, पाऊस मोजका आणि खुणा ठळक. उत्तरेला सातपुडा, खाली पांझरा, मुंबई-आग्रा रस्त्याची लांबलचक रेघ, तिच्यावर एका बाजूला लळिंगचा किल्ला आणि दुसऱ्या बाजूला सोनगीरचा. वाट चुकलेल्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला नकाशा कोण काढून देणार? तिकडे शिरपूरजवळ तांडे गावच्या धावपट्टीवरही प्रशिक्षण चालतं.

शिकण्याचं विमान म्हणजे सेस्ना १५२ सारखं दोन माणसांचं यंत्र. पंख वर, पुढं एकच इंजिन, ते ११० अश्वशक्तीचं. आपल्या शेतातले दोन ट्रॅक्टर एकत्र केले की झालं. भरलेलं वजन साडेसातशे किलो, म्हणजे रिकाम्या बोलेरोच्या निम्मंही नाही. ताशी नव्वदच्या आसपास वेग आला की ते उठतं. महामार्गावरची गाडी याहून जोरात जाते. आवाजही ट्रॅक्टरच्याच जातीचा आहे, फक्त जास्त घाईतला. गावातली लहान मुलं पूर्वी ‘इमान उनं, इमान उनं’ (विमान आलं, विमान आलं) करत धावायची, आता गोंदूरच्या शेतात निंदणारी बाई मानसुद्धा वर करत नाही.

प्रशिक्षणाचं विमान सहसा कुठंच जात नाही. ते धावपट्टीभोवती एक लांबट चौकोन काढतं. उडायचं, वळायचं, हजार फुटांवर धावपट्टीला समांतर यायचं, पुन्हा दोन वळणं घेऊन टेकायचं, आणि चाकं टेकताच थांबायच्या ऐवजी परत उडायचं. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तास उड्डाण लागतं आणि त्यातला बराच भाग असाच घाण्याच्या बैलासारखा गोल फिरण्यात जातो.

यात धोका नाही असं नाही. १६ जुलै २०२१ ला शिरपूरहून निघालेलं प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले, शिकाऊ मुलगी जबर जखमी झाली. रस्ता नव्हता, पाऊस होता. पाड्यावरच्या लोकांनी तिला उचलून खाली आणलं, आणि झोळीसाठी एका आदिवासी बाईनं आपली साडी काढून दिली. त्या डोंगरावरून लहान विमान जाताना दिसलं की मला विमानाच्या आधी ती झोळी आठवते.

गोंदूरला बसून ज्या गोष्टीची वाट बघायची, ती फलकावर लिहिलेली नसते. एखाद्या सकाळी विमान दोन-तीन फेऱ्या मारून उतरतं आणि एका बाजूला थांबतं. इंजिन चालूच असतं. उजवीकडचं दार उघडतं, प्रशिक्षक खाली उतरतात, दार नीट लावतात आणि पंख्यापासून दूर चालत जातात. आत आता वीस वर्षांचं एक पोर एकटंच असतं. विमान पुन्हा धावपट्टीच्या टोकाशी जातं. मघाच्या फेऱ्यांत ते कुठल्या झाडापाशी जमीन सोडत होतं ते तुम्ही पाहून ठेवलेलं असतंच. या खेपेला ते त्याच्या बरंच अलीकडे उठतं, कारण सत्तर-ऐंशी किलो वजन खाली उतरून कडेला उभं आहे, आणि कपाळावर आडवा हात धरून त्याच विमानाकडे बघत आहे.